‘फ्यूचर-रेडी’ ईव्ही चार्जिंग पॅकेज: चार्जर चोवीस घ्या, हिशेब साठांचा करा

पुण्या-मुंबईच्या ऑफिस इमारतींना सध्या विकली जाणारी चार्जिंग पॅकेजं बहुतेक एकाच साच्यातली असतात. आज २४ एसी चार्जर (साधी एसी वीज देणारे; तिचं डीसीत रूपांतर गाडी स्वतः करते), पुढे ‘गरजेनुसार ६०’. कोटेशनच्या पहिल्या पानावर चार्जरचा चकचकीत फोटो असतो आणि बीओक्यूच्या (सामान आणि कामाच्या यादीच्या) तळाशी ‘एक्स्पान्डेबल’ हा एक शब्द. त्या एका शब्दात नेमकं काय काय आलं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. चार्जर हा या सगळ्यातला सर्वांत सहज बदलता येणारा भाग आहे. चार बोल्ट, एक केबल, झालं. फीडर (पॅनेलकडून येणारी मुख्य वीजवाहिनी), बसबार (केबलऐवजी वीज नेणारी धातूची पट्टी), सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर), कंट्रोलर (चार्जरना करंट वाटून देणारं यंत्र) आणि स्लॅबमधली भोकं मात्र दुसऱ्या टप्प्यात बदलायची तर पार्किंग रिकामं करावं लागतं. म्हणून हे परीक्षण चार्जरच्या आधी भिंतीत आणि छताला जे बसतं त्याचं आहे.

बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिल्यात पॅनेलपासून प्रत्येक चार्जरपर्यंत स्वतंत्र केबल ओढतात. दुसऱ्यात छताला बसबार ट्रंकिंग असतं, त्यावर टॅप-ऑफ बॉक्स (बसबारमधून चार्जरसाठी वीज काढणारे) आणि सोबत डायनॅमिक लोड मॅनेजमेंट. तिसरा प्रकार डीसी कॅबिनेटचा, म्हणजे गाडीला थेट डीसी वीज देणाऱ्या मोठ्या चार्जरचा. निकाल आधीच सांगून टाकतो: दहा-बारा चार्जरच्या पुढे कधीच जायचं नसेल तरच पहिला, बाकी सर्वांना दुसरा. तिसरा फक्त व्हिजिटर आणि फ्लीटसाठी, तोही एखादाच.

आता हिशेब. समजा ट्रान्सफॉर्मर ५०० केव्हीएचा आहे (इथे ढोबळमानाने केव्हीए म्हणजे किलोवॅटच धरा) आणि एप्रिल-मेच्या दुपारी, वातानुकूलन जोरात असताना, इमारतीची सर्वाधिक मागणी ३४० केव्हीए जाते. ट्रान्सफॉर्मर ४५० च्या वर न्यायचा नाही असं धरलं तर चार्जिंगला ११० केव्हीए उरतात. ७.४ किलोवॅटचे २४ चार्जर एकदम पूर्ण चालले तर १७८ किलोवॅट, साठ चालले तर ४४४. हा आकडा दाखवून अनेक विक्रेते थेट नवा ट्रान्सफॉर्मर आणि वाढीव मंजूर भार सुचवतात. पण गाडीला रोज लागतं किती? जाऊन-येऊन ४० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला, चार्जिंगमधला तोटा धरून, साडेसहा युनिट पुरतात. साठ गाड्यांचे ३९० युनिट. त्या दहा ते सहा अशा आठ तास उभ्या असतात, म्हणजे सरासरी भार जेमतेम ४९ किलोवॅट. ११० केव्हीएत हे आरामात बसतं, फक्त सगळ्या गाड्या सकाळी साडेदहाला एकदम पूर्ण करंट ओढणार नाहीत याची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी. ती जबाबदारी म्हणजेच लोड मॅनेजमेंट. पॅकेजमध्ये पैसे मोजण्यासारखी गोष्ट हीच, आणि बीओक्यूत तिची ओळ बहुधा सर्वांत छोटी: ‘सॉफ्टवेअरसह’.

त्या ‘सॉफ्टवेअरसह’पाशी थांबा. चार्जर ‘ओसीपीपी १.६ कम्प्लायंट’ आहे (ओसीपीपी म्हणजे चार्जर आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादाचा प्रोटोकॉल), एवढ्यावर विश्वास ठेवू नका. त्या प्रोटोकॉलमध्ये फक्त कोअर प्रोफाइल सक्तीचं आहे, स्मार्ट चार्जिंग प्रोफाइल ऐच्छिक. म्हणजे लेबल खरं असूनही चार्जरला बाहेरून करंट कमी करता येत नाही, असं होऊ शकतं. तपासणी सोपी आहे. गाडी लावा, कंट्रोलरवरून १० अँपिअरची मर्यादा पाठवा आणि चार्जरच्या केबलच्या फेज वायरवर क्लॅम्प मीटर लावून बघा. चार्जर आणि गाडी यांच्यातल्या पायलट सिग्नलवर करंटची मर्यादा बदलली की गाडीने पाच सेकंदांत खाली यायला हवं. स्क्रीनवर १० आणि मीटरवर ३१ दिसलं तर ऑर्डर तिथेच थांबवा.

मर्यादा ६ अँपिअरच्या खाली जात नाही, कारण मोड ३ मध्ये (अशा एसी चार्जरच्या प्रमाणित पद्धतीत) तेवढंच किमान आहे. एका फेजवर ६ अँपिअर म्हणजे सुमारे १.४ किलोवॅट, आठ तासांत ११ युनिट. रोजच्या फेरीला पुरेसे. त्याहून कमी करंट वाट्याला आला तर कंट्रोलरला काही गाड्या थांबवून आळीपाळीने चालवाव्या लागतात. काही गाड्या एकदा थांबल्या की पुन्हा जाग्या होत नाहीत आणि मालकाला संध्याकाळी अर्धीच बॅटरी मिळते. इमारतीत ज्या मॉडेलच्या गाड्या जास्त, त्यांच्यावरच ‘पॉज’ची चाचणी घ्या.

कंट्रोलर बंद पडला किंवा नेटवर्क तुटलं तर चार्जर किती करंटवर येतो? याला फॉलबॅक म्हणतात आणि वाढवण्याच्या योजनेतली सर्वांत घातक चूक इथे होते. ११० केव्हीए म्हणजे प्रत्येक फेजला सुमारे १५३ अँपिअर. २४ सिंगल-फेज चार्जर समान वाटले तर एका फेजवर आठ येतात. फॉलबॅक १० अँपिअर ठेवला तर ८० होतात, चिंता नाही. दुसऱ्या टप्प्यात एका फेजवर वीस आले की तोच १० चा आकडा २०० होतो आणि मुख्य फीडर ट्रिप. ६ ठेवला असता तर १२० वर भागलं असतं. पहिल्या दिवशीच ६ भरून घ्या. नंतर हे लक्षात ठेवायला कुणी नसतं.

फेजचा गोंधळ स्वतंत्रपणे सांगायला हवा, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा आतला चार्जर सिंगल-फेज, साधारण ७.२ किलोवॅटचा किंवा त्याहून लहान असतो. २२ किलोवॅटचा थ्री-फेज चार्जर लावला तरी गाडी त्यातली फक्त पहिली फेज वापरते. समजा असे नऊ चार्जर आहेत. इलेक्ट्रिशियनने नऊही चार्जर आर-वाय-बी (तीन फेजची नावं) अशाच क्रमाने जोडले तर नऊ गाड्यांचे २८८ अँपिअर एकट्या आर फेजवर येतात आणि वाय-बी कोरड्या राहतात. क्रम फिरवून जोडायचा: पहिल्याला आर-वाय-बी, दुसऱ्याला वाय-बी-आर, तिसऱ्याला बी-आर-वाय. हाच क्रम कंट्रोलरमध्येही भरायचा, नाहीतर तो चुकीच्या फेजवरचा करंट कापत बसतो. खरं तर कर्मचारी पार्किंगसाठी २२ किलोवॅटचा आग्रहच नको. ७.४ चे तीन चार्जर एका थ्री-फेज टॅप-ऑफवर, प्रत्येकाला वेगळी फेज, अशी रचना असली की फेज आपोआप सांभाळल्या जातात. पहिल्या टप्प्याला आठ टॅप-ऑफ, साठांना वीस.

बसबारच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा लांबीचा आहे. अडीच मीटर रुंदीच्या साठ जागा समोरासमोर दोन रांगांत धरल्या तर मधून ७५ मीटरची एकच लाइन जाते. ती पहिल्याच दिवशी पूर्ण लांबीची आणि २५० अँपिअरची घ्या, फीडरची एमसीसीबी (मर्यादा सेट करता येणारा मोठा ब्रेकर) सध्या १६० वर सेट करा. ‘आत्ता ३० मीटर टाकू, पुढचं नंतर जोडू’ हा सल्ला स्वस्त वाटतो, पण तोवर त्याच रेषेत स्प्रिंकलरचा पाइप किंवा एसी डक्ट आलेला असतो. बेसमेंटसाठी आयपी ५५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) मागा. जॉइंट ठरलेल्या टॉर्कवर आवळून त्यावर खूण करून घ्या आणि पूर्ण भारावर थर्मल कॅमेऱ्याने एकदा फोटो काढायला लावा.

स्वतंत्र केबलच्या प्रकारात हीच लांबी अंगाशी येते. ६ चौरस मिमी तांब्याच्या सिंगल-फेज केबलला दर अँपिअर-मीटरला ७.३ मिलिव्होल्टचा ड्रॉप धरला तर ६० मीटरवर ३२ अँपिअरला १४ व्होल्ट पडतात, सहा टक्क्यांच्या वर. १० चौरस मिमी घेतली की ८.४ व्होल्टवर येतं. कोटेशनमध्ये मात्र सगळ्या चार्जरना सरसकट ६ लिहिलेली दिसते. शिवाय साठ केबल एका ट्रेमध्ये गच्च बसल्या की एकमेकींना तापवतात आणि त्यांची क्षमता आणखी घटते. ते ग्रुपिंगचं डिरेटिंग कोटेशनमध्ये शोधून दाखवा.

एमसीबीची तक्रार तर ठरलेली. ३२ अँपिअरची एमसीबी ३० अंश तापमानाला मोजलेली असते. बंद बॉक्समध्ये, शेजारी शेजारी, मे महिन्यात ५० अंशांवर ती २८-२९ अँपिअरलाच थकते. चार्जिंग तासनतास सलग चालतं, त्यामुळे दुपारी ट्रिप, संध्याकाळी ठीक, आणि सगळे चार्जरला दोष देतात. ४० ची एमसीबी घ्या, केबल तिला साजेशी घ्या, दोन एमसीबींमध्ये फट ठेवा. गळती करंटसाठी प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरची टाइप ए आरसीडी (गळती होताच वीज तोडणारं उपकरण) हवी, आणि चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखणारी सोय नसेल तर टाइप बी. पैसे वाचवायला टाइप एसी लावलेली दिसली तर ती काढायला लावा. गाडीकडून डीसी गळती आली की ती आंधळी होते.

डायनॅमिक म्हणजे मुख्य इनकमरवरचा (इमारतीची सगळी वीज जिथून आत येते त्या स्विचवरचा) भार बघून चार्जिंग कमी-जास्त करणारं. काही पॅकेजमध्ये ‘डायनॅमिक’ नावाखाली फक्त ११० ची ठरावीक मर्यादा घालतात, ती स्टॅटिक झाली. इनकमरवर सीटी आणि मीटर आहे का ते बघा. ५०० केव्हीएला साधारण ८००/५ ची (८०० अँपिअरचे ५ करून मीटरला देणारी) सीटी येते. मीटरमध्ये प्रमाण ४००/५ राहिलं तर भार अर्धा दिसतो आणि कंट्रोलर मोकळ्या हाताने चार्जिंग वाढवत जातो. पॅनेलच्या स्वतःच्या मीटरशी आकडा ताडून पाहणं हे पाच मिनिटांचं काम आहे.

जनरेटरचा विषय बहुतेक कोटेशनमध्ये नसतोच. वीज गेली, २५० केव्हीएचा डीजी सुरू झाला आणि चोवीस गाड्या त्याच्यावर चढल्या तर लिफ्टही बंद पडेल. एएमएफ पॅनेलमधून (वीज गेली की डीजी आपोआप सुरू करणाऱ्या) एक ड्राय कॉन्टॅक्ट, म्हणजे नुसता चालू-बंद संकेत, कंट्रोलरला द्या, डीजीवर चार्जिंग शून्य. दोन कोअरची एक वायर, पण नंतर ओढायची तर तीन भिंती फोडाव्या लागतात.

डीसीबद्दल थोडक्यात. ६० किलोवॅटचा दोन गनचा सीसीएस२ (गाड्यांच्या डीसी प्लगचा प्रकार) चार्जर प्रत्येक फेजला ९० अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे वरच्या १५३ मधला मोठा वाटा एकटा खातो. वाढवायचाच असेल तर १२० किलोवॅटचं कॅबिनेट घेऊन आत ३० चे दोनच मॉड्यूल भरा. पण केबल आणि एमसीसीबी १२० च्या हिशेबाने, म्हणजे २५० अँपिअरची, आजच बसवा. नुसतं कॅबिनेट मोठं आणि केबल ६० ची, असं ‘एक्स्पान्डेबल’ विकलं जातं.

दुचाकींकडे मात्र सगळीच पॅकेजं दुर्लक्ष करतात, आणि पुण्यातल्या ऑफिससाठी ते अक्षम्य आहे. स्कूटरला किलोवॅटच्या आतबाहेर पुरतो. १६ अँपिअरचे साधे सॉकेट तासनतास चालवून पिवळे पडतात, वितळतात. प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीडी एकत्र) द्या आणि निळे औद्योगिक सॉकेट लावा. सॉकेट तयार जमिनीपासून किमान ८०० मिमी उंच हवा, एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही. दोन्ही केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतलेच आहेत.

केबलच्या लांबीत कंजुषी नको. एमजी झेडएस ईव्हीचा पोर्ट पुढे, नेक्सॉनचा मागच्या बाजूला. भिंतीवर लावलेली पाच मीटरची केबल उलट्या उभ्या गाडीला पोचत नाही आणि मग ती दुसऱ्याच्या बॉनेटवरून ओढली जाते. दोन जागांच्या मध्ये, खांबावर चार्जर बसवला तर हा त्रास बराच कमी होतो. बेसमेंटमध्ये मोबाइल रेंज नसते, सिमवर चालणारे चार्जर तिथे रोज ऑफलाइन होतात. कॅट ६ नेटवर्क केबल ओढा, पॉवर केबलपासून वेगळ्या ट्रेमध्ये, ९० मीटरच्या आत.

बिलाच्या बाजूला दोनच गोष्टी. बाहेरच्यांकडून पैसे घेऊन चार्जिंग द्यायचं असेल तर महावितरणची ईव्ही वर्गवारी आणि स्वतंत्र मीटर घ्या. चार्जिंग म्हणजे वीजविक्री नाही, परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) ओलांडली तर जादा मागणीवर दीडपट दराने डिमांड चार्ज लागतो, तेव्हा कंट्रोलरची मर्यादा ट्रान्सफॉर्मर आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांड यांतला लहान आकडा पाहून ठरवा.

पैशांचा शेवटचा हप्ता देण्याआधी तीन गोष्टी हातात घ्या: कंट्रोलर आणि चार्जरचे ॲडमिन पासवर्ड, फेजच्या क्रमासह टॅप-ऑफचा नकाशा, आणि चार्जर दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर वळवता येतील असं लेखी कबूल केलेलं पत्र. पंचविसावा चार्जर कोणाकडून घ्यायचा, हे त्या पत्रावर ठरतं.