कॉर्नर चेअर: सात महिने रोज वापरल्यावर

मान धरतं पण आधाराशिवाय बसत नाही, अशा वर्ष-दोन वर्षांच्या मुलासाठी थेरपिस्ट ही खुर्ची सुचवतात. काटकोनात जोडलेल्या दोन पाठफळ्या, मांड्यांमध्ये लाकडी ठोकळा, कमरेला पट्टा, पुढे ट्रे. आमच्या सेंटरमधली 12 मिमी प्लायवूडची आहे, वर 25 मिमी फोम आणि रेक्झिन.

आधी एक गैरसमज दूर करू. या खुर्चीत ठेवल्याने मूल बसायला शिकत नाही. ते काम जमिनीवर आणि मांडीवरच होतं. खुर्ची असते हातासाठी आणि तोंडासाठी. कोपऱ्यामुळे खांदे पुढे येतात, दोन्ही हात समोर मध्यावर भेटतात, आणि पाठ ताणून मागे झोकून देणारी मुलंही जरा सैल पडतात. वाटीत ठोकळे टाकणं, खिमट खाणं, समोरच्याच्या तोंडाकडे बघून आवाज काढणं, हे सगळं मग जमायला लागतं.

खरी अडचण बैठकीची. तयार खुर्चीत बैठक जवळजवळ जमिनीलगत असते, पाय सरळ पसरावे लागतात. ज्या मुलांचे मांडीमागचे स्नायू आखडलेले आहेत, त्यांची कंबर या स्थितीत मागे ओढली जाते. पाचेक मिनिटांत बूड पुढे घसरतं, मूल माकडहाडावर येतं, पाठीला पोक येतो, हनुवटी वर जाते. बघणाऱ्याला वाटतं पाठ कमकुवत आहे, म्हणून छातीलाही पट्टा बांधून आवळला जातो. मूल खालून आणखी घसरतं आणि पट्टा गळ्याकडे सरकतो. हे धोक्याचं आहे. खुर्चीत मूल असताना पाणी आणायलाही उठू नये, ते यासाठी.

उपाय सुताराकडे आहे. बैठक 8-10 सेंमी उचलून घेतली, पुढे पावलांसाठी फळी बसवली. गुडघे वाकले, तळवे टेकले की कंबर सरळ होते आणि वरची पाठ बरीचशी आपोआप सुधारते. मऊ उशी घालून उंची वाढवू नका, बूड त्यात रुततं आणि एका बाजूला कलतं. बैठकीची कड आणि गुडघ्यामागची खाच यांत दोन बोटं जागा हवी.

पट्ट्याच्या खाचा पोटाच्या उंचीवर होत्या, तेही चूकच. पाठ आणि बैठक जिथे मिळतात तिथे नव्या पाडल्या. पट्टा जांघेच्या घडीवरून तिरका खाली-मागे जायला हवा, आत दोन बोटं सरकतील इतका. ठोकळा फक्त गुडघे लांब ठेवायला असतो. घसरण थांबवायचं काम त्याच्यावर टाकलं की जांघेत वळ उठतात. उतरवल्यावर अर्ध्या तासातही वळ गेला नाही, तर मापात चूक आहे.

ट्रे कोपराच्या उंचीला. धड फारच ढिलं असेल तर दोनेक सेंमी वर. त्याहून वर गेला की खांदे कानाला लागतात. ट्रेला एक सेंमीची कड असावी, नाहीतर निम्मा वेळ खेळणी उचलण्यात जातो. भरवताना चमचा समोरून, तोंडाच्या पातळीवर आणा. वरून आणला तर मान मागे जाते आणि ठसका लागतो.

सुरुवात दहा मिनिटांपासून. नंतर दिवसातून दोन-तीन वेळा, एका वेळी जास्तीत जास्त अर्धा तास. रेक्झिन पुसायला सोपं, पण एप्रिल-मे महिन्यांत घामोळं नक्की. वर टाकलेलं जुनं मऊ लुगडं घसरतं. वेल्क्रो लावलेली सुती खोळ शिवून घेतली, ती टिकली. ट्रेचे नट दर आठवड्याला ढिले होतात, आणि रेक्झिन सर्वांत आधी ठोकळ्याच्या कोपऱ्यावर फाटलं.

मान अजिबात धरत नसेल तर ही खुर्ची नको, मागे कलणारी लागेल. लंगोट बदलताना एक मांडी दुसरीपेक्षा कमी उघडत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना खुबा दाखवा. मापं अंदाजाने सांगून खुर्ची मागवू नका. जिल्ह्याच्या डीईआयसीत (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) फिजिओथेरपिस्ट असतात, मुलाला नेऊन तिथे मापं घ्या आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. आमच्याकडे सात महिन्यांत पायफळी दोनदा खाली घ्यावी लागली.