यूएसबी दिवा घेताना: कीबोर्डसाठी कोणता, पुस्तकासाठी कोणता

यूएसबीवर चालणारे दिवे बघायला गेलं की आधी आकार डोळ्यांत भरतात. हेल्मेटची काच वर करणारा अंतराळवीर, मांजर, चंद्र, बल्बच्या आकाराची चपटी प्लॅस्टिक पट्टी. आकार पाहून घेतलेला दिवा मात्र बहुतेक वेळा आठवडाभरात खणात जाऊन पडतो, कारण त्याचा उजेड हवा तिथे पडतच नाही. म्हणून आधी दोन गोष्टी ठरवा. पहिली, उजेड कशावर हवा आहे: कीबोर्डवर, टेबलावरच्या वहीवर की अंथरुणात हातात धरलेल्या पुस्तकावर? दुसरी, दिव्याला वीज कुठून मिळणार: लॅपटॉपमधून, मोबाइलच्या चार्जरमधून, पॉवर बँकेतून की त्याच्या स्वतःच्या सेलमधून? एवढं ठरलं की बाजारातले निम्मे दिवे आपोआप बाद होतात.

विजेचा हिशेब आधी करू. यूएसबीवर ५ व्होल्ट मिळतात. जुन्या २.० पोर्टातून ५०० मिलिअँपिअर, म्हणजे २.५ वॅट. ३.० पोर्टातून ९०० मिलिअँपिअर, म्हणजे ४.५ वॅट. साध्या काडीसारख्या दिव्याला १ ते १.५ वॅट पुरतात, तो कुठेही चालतो. मॉनिटरवर बसवायच्या लाइट बारला मात्र ५ व्होल्ट १ अँपिअर, म्हणजे ५ वॅट लागतात. तो लॅपटॉपच्या जुन्या पोर्टात लावला तर पूर्ण तेजाला लुकलुकतो, नाहीतर पोर्ट वीज तोडतं आणि पडद्यावर सूचना येते. वेगळा अॅडॉप्टर नसलेल्या हबमध्ये अडचण आणखी वाढते. तिथे एकाच पोर्टाची वीज माउस, पेनड्राइव्ह आणि दिवा यांच्यात वाटली जाते.

चपटी काडी की वाकणारी मान?

सगळ्यात जास्त खपतात ते हे दोन. चपटी काडी म्हणजे रबरी किंवा प्लॅस्टिकची वाकणारी पट्टी, टोकाला पाच-सहा एलईडी, शंभर रुपयांच्या आत मिळणारी. दुसरा प्रकार स्टीलच्या गुंडाळीच्या लांब मानेचा, टोकाला लहान डोकं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दोन्ही शेजारी शेजारी टांगलेले दिसतात आणि किमतीतही फार फरक नसतो. फरक आहे तो वजनात.

स्टीलची मान जड असते. ती लॅपटॉपच्या पोर्टात थेट खोचून आडवी वाकवली की सगळा भार पोर्टाच्या चार पायांच्या डाखावर येतो. काही महिन्यांत पोर्ट सैल होतं, पेनड्राइव्ह हलवल्याशिवाय ओळखला जात नाही. मान हवीच असेल तर मीटरभर एक्स्टेन्शन केबल घ्या आणि मानेचं बूड टेबलाला चिकटवा किंवा क्लिपने धरा. फार बारीक तारेची केबल नको. तिच्यात व्होल्ट गळतात आणि दिवा मंद होतो. चपटी काडी हलकी असल्याने थेट खोचली तरी चालते, पण एकाच जागी रोज वाकवली की आतली तांब्याची पट्टी तुटते आणि दिवा विशिष्ट कोनातच लागतो. म्हणून तिचा वाक एकदा ठरवावा आणि तसाच ठेवावा.

काडी किती उजेड देते? ल्यूमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड, लक्स म्हणजे कागदावर प्रत्यक्ष पडणारा. ७० ल्यूमेनचा दिवा धरला तर ३० सेंटिमीटरवर बरोबर खाली सुमारे २५० लक्स मिळतात. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, म्हणजे ६० सेंटिमीटरवर जेमतेम ६०. वाचायला ३०० च्या आसपास लक्स असावेत. थोडक्यात, काडी कीबोर्डच्या दीड-दोन ओळींवर उत्तम चालते, आणि पोर्टात बसल्यामुळे तिला कागदाजवळ आणता येत नाही. वाचनासाठी ती घ्यायची असेल तर तिला चार्जरच्या केबलीच्या टोकाला लावून पुस्तकाशेजारी धरायची सोय करावी लागते. एवढी खटपट करण्यापेक्षा क्लिपवाला दिवा घेणं सोपं.

लॅपटॉपच्या बॅटरीवर काडीचा भार किती पडतो, हेही बघा. ५० वॅट-तासांची बॅटरी आणि नुसत्या टायपिंगला ८ वॅट खर्च धरला तर सव्वासहा तास मिळतात. १.२ वॅटचा दिवा जोडला की साडेपाचच्या थोडं आत येतं. पाऊण तास गेला. वीज गेलेली असताना हा पाऊण तास महत्त्वाचा असतो, म्हणून अशा वेळी काडी पॉवर बँकेत खोचावी. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या बँकेत ३७ वॅट-तास असतात. रूपांतरात काही जातात, तरी १.२ वॅटचा दिवा साधारण पंचवीस तास चालतो. ५ वॅटचा बार त्याच बँकेवर सहा तास काढेल.

स्वस्त काडीत एक दोष कायम आढळतो. पांढऱ्या एलईडीला ३.१ व्होल्टच्या आसपास पुरतात, उरलेले १.९ व्होल्ट एक छोटा रेझिस्टर उष्णतेत घालवतो. घरातला हलका चार्जर ५ ऐवजी ५.३ व्होल्ट देत असेल तर रेझिस्टरवर २.२ व्होल्ट येतात आणि प्रवाह सोळा टक्के वाढतो. काडी हाताला चटका बसेल इतकी तापते आणि एलईडी एकेक करून काळवंडतात. नाव असलेल्या कंपनीचा चार्जर वापरला की हे टळतं. फास्ट चार्जरची भीती मात्र नको. दिव्याने मागितल्याशिवाय तो ५ च्या वर व्होल्ट पाठवत नाही.

पुस्तकासाठी: क्लिप की गळ्यातला?

रात्री कागदावरचं वाचणाऱ्याने इथे पैसे घालावेत. क्लिपवाला दिवा पुस्तकाच्या पुठ्ठ्याला अडकतो, डोकं पानापासून वीतभर अंतरावर येतं, त्यामुळे कमी वॅटमध्येही पुरेसा उजेड पडतो आणि शेजारी झोपलेल्याच्या डोळ्यांवर येत नाही. त्यात स्वतःचा लिथियम सेल असतो, त्यामुळे केबल फक्त चार्ज करताना लागते. उणीव एकच, पातळ पेपरबॅकच्या कव्हरवर क्लिप घसरते आणि जड दिव्याने पान वाकतं. अशा वेळी मागच्या वीस-पंचवीस पानांसकट कव्हर क्लिपमध्ये धरावं.

गळ्यात घालायच्या दिव्याला दोन डोकी असतात, दोन्ही बाजूंनी उजेड आल्यामुळे हाताची सावली पडत नाही. जाड ग्रंथ, दिवाळी अंक, विणकाम, शिवणकाम यांना हा क्लिपपेक्षा सरस. पाठीवर झोपून वाचणाऱ्याला मात्र तो टोचतो, आणि कुशीवर वळलं की एक डोकं उशीत जातं. अंथरुणात वाचायचं असेल तर क्लिप, खुर्चीत बसून वाचायचं असेल तर गळ्यातला.

दोन्हींत रंग बदलण्याची सोय बघाच. पांढऱ्या एलईडीत आतली चकती मुळात निळी असते, तिच्यावरच्या पिवळ्या लेपामुळे उजेड पांढरा दिसतो. त्यातल्या निळ्या भागाची तरंगलांबी ४५० नॅनोमीटरच्या आसपास असते, आणि शरीराला दिवस आहे असं सांगणाऱ्या डोळ्यातल्या पेशी ४८० च्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतात. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. झोपेच्या आधी तासभर वाचायचं तर २७०० केल्विन किंवा त्याहून खालचा, अंबर (गडद पिवळसर) रंग निवडावा आणि तेजही कमी ठेवावं. जुनी, पिवळी पडलेली पानं अंबरमध्ये थोडी मळकट दिसतात. बारीक टायपाच्या पुस्तकासाठी मग ३५०० ते ४००० केल्विनची मधली छटा बरी. पावसाळ्यात आणखी एक फायदा होतो, पिवळसर उजेडावर पाखरं पांढऱ्यापेक्षा कमी येतात.

मॉनिटरवरचा बार

रोज चार-सहा तास टेबलावर काम असेल तर लाइट बार या सगळ्यांच्या वरचढ आहे. तो मॉनिटरच्या वरच्या कडेवर बसतो आणि आतल्या तिरप्या परावर्तकामुळे उजेड टेबलावर टाकतो, पडद्यावर नाही. साधा टेबल लॅम्प पडद्यात चमकतो, बार चमकत नाही, हाच त्याचा मोठा गुण. बेनक्यूचा स्क्रीनबार आणि शाओमीचा बार हे दोन माहितीचे. पहिल्याची बटणं बारवरच आहेत, दुसऱ्याला टेबलावर ठेवून फिरवायची वेगळी कळ मिळते. किमतीत मोठी तफावत आहे. बेनक्यूत आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे तेज आपोआप जुळवण्याची सोय आहे. ती नको असेल तर शाओमी पुरतो.

स्वस्तातले बिननावाचे बार घेताना परावर्तक खरंच तिरपा आहे का ते पाहा. काहींत नुसती एलईडीची पट्टी आणि वर दुधी प्लॅस्टिक असतं. असा बार पडद्याच्या वरच्या भागावर पांढरा पट्टा पाडतो, मग त्याच्यात आणि सरळ ट्यूबलाइटमध्ये फरक उरत नाही. वेबकॅम वर बसवलेला असेल तर बारला जागा उरत नाही, हेही आधी मोजा. लॅपटॉपच्या पातळ झाकणावर मॉनिटरचा बार बसवू नका. मागच्या वजनाने बिजागरी ढिली होते.

गमतीचे आकार

अंतराळवीर, मांजर, चंद्र हे दिवे रातदिवा म्हणून छान आहेत, लहान मुलाच्या खोलीत तर फारच. वाचायला नाहीत. एलईडीवर टोपी नसल्याने उजेड चारी बाजूंना जातो, डोळ्यात येतो आणि पानावर उरतो थोडा. छतावर चांदण्या पाडणाऱ्या बोटभर काडीत लेझर असतो, त्यात थेट बघायचं नाही आणि मुलांच्या हाती द्यायचा नाही. बटण सेलवर चालणारी खेळणीवजा दिवटी तर लहान मूल असलेल्या घरात आणूच नये, जोवर सेलच्या झाकणाला स्क्रू नाही. गिळलेला बटण सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो.

घेण्याआधी दुकानातच तपासा

मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा आणि तेज मंद करा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा सारखा विझवून-पेटवून मंद केला जातोय. सगळ्यांना त्रास होत नाही, पण ज्याचं डोकं दुखतं त्याने असा दिवा घेऊ नये. स्लो मोशनमध्ये हे अधिक स्पष्ट दिसतं.

स्पर्शाचं बटण असेल तर प्लग काढून पुन्हा लावा. काही दिवे वीज परत आल्यावर आपोआप पूर्ण तेजाने लागतात, काही बंदच राहतात. पहाटे वीज परत आली आणि खोली उजळली, असं नको असेल तर बंद राहणारा घ्या.

चार्ज होणाऱ्या दिव्याला टाइप-सी पोर्ट असेल तर दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलीने आणि सी चार्जरने तो चार्ज होतो का, ते बघा. स्वस्त दिव्यांत ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर गाळलेले असतात. चार्जरला समोर काही जोडलंय हेच कळत नाही आणि दिवा मेलेला वाटतो. असा दिवा आधीच घरात असेल तर टाकू नका, एका टोकाला जुना चपटा यूएसबी (टाइप-ए) असलेली केबल लावा, चार्ज होईल. पॉवर बँकेवर चार्ज करताना मधेच थांबला तर तेही दिव्याचं दुखणं नाही. प्रवाह फार कमी झाला की बँक स्वतःच बंद होते. काही बँकांचं बटण दोनदा दाबलं की कमी प्रवाहाची सोय सुरू होते.

खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक शोधा. आतल्या लिथियम सेलला आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे. आणि दिवा फक्त लोडशेडिंगसाठी ठेवायचा असेल तरी दर दोन-तीन महिन्यांनी अर्ध्याच्या वर चार्ज करत राहा. पूर्ण उतरलेला सेल खणात पडून राहिला की पुन्हा चार्ज धरत नाही.