पंख्याचा कपॅसिटर: दोन उन्हाळे काढल्यानंतर

गेल्या एप्रिलात वरच्या खोलीतला पंखा पाच नंबरवरही असा फिरायचा की पाती मोजून घ्यावीत. बंद करून चालू केला की नुसती गुणगुण. काठीने ढोसल्यावर हलायचा. वायरमन आला, खालूनच मान वर करून म्हणाला, "वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) गेलंय ओ काका, सातशे होतील." जळका वास नाही, मोटर तापलेली नाही, ढोसल्यावर फिरतोय, आणि म्हणे वाइंडिंग! सिंगल फेजच्या मोटरला सुरुवातीचा धक्का दुसऱ्या वाइंडिंगमधून कपॅसिटर देतो. मल्टीमीटर लावला तर 2.5 मायक्रोफॅरडचा (हे चार्ज साठवण्याच्या क्षमतेचं माप) हा गडी 1.6 वर आलेला.

नवी पेठेतून दोन आणले, एक चाळीस रुपयांचा, एक सत्तरचा. चाळीसवाला वर, सत्तरवाला खाली हॉलमध्ये. दिवाळीच्या साफसफाईत पंखे उतरवले तेव्हा वरचा 2.1 झालेला. स्वस्तातला माल म्हणून भरपूर शिव्या घातल्या, सत्तरवाला वर चढवला आणि हॉलमध्ये तसलाच नवा चाळीसवाला लावला. यंदाचा उन्हाळा सरल्यावर मोजलं: वरचा 2.45, आणि हॉलमधला चाळीसवालासुद्धा 2.4! म्हणजे निम्म्या शिव्या तरी आमच्या तापलेल्या स्लॅबला पडायला हव्या होत्या. आत प्लास्टिकच्या फिल्मवर धातूचा पातळ थर असतो. कुठे छिद्र पडलं की आजूबाजूचा धातू उडून जातो आणि दोष आपोआप बंद होतो, पण तेवढी जागा कायमची जाते. धुण्यागणिक टॉवेल विरावा तसा हा विरतो, आणि उष्णतेत लवकर विरतो.

तरी माझा खरा राग लेबलवर आहे. सत्तरवाल्यावर 40/85/21 आणि पुढे बी असं स्वच्छ छापलंय. 40 म्हणजे तापमानाची खालची मर्यादा, उणे 40 अंश (सोलापुरात त्याचं काय लोणचं घालायचं?), 85 ही वरची मर्यादा, 21 हे दमट हवेतल्या चाचणीचे दिवस. बी म्हणजे 10,000 तासांचं अपेक्षित आयुष्य, सी म्हणजे 3,000. मार्च ते जून पंखा रात्रंदिवस फिरतो, म्हणजे 3,000 तास हा आपला एकच उन्हाळा झाला! चाळीसवाल्यावर बी नाही, सी नाही, नुसतं चकचकीत नाव. दुकानदाराला विचारलं तर, "फॅनचाच हाय, चालतंय की." चालतंय हो, पण किती तास?

तर वरच्या मजल्याला, पत्र्याच्या खोलीला बी लिहिलेलाच घ्या. तीस रुपयांसाठी पुन्हा स्टुलावर चढायची हौस मला नाही. खाली चाळीसवाला खुशाल लावा. बदलताना मेन बंद करा आणि जुन्याची दोन्ही टोकं इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरने एकमेकांना टेकवा, चार्ज धरून बसलेला असतो.

रेग्युलेटरचा दोन नंबर अजून मेलेलाच आहे. त्यातही कपॅसिटरच असतात, पण सोल्डर केलेले, आणि नवा रेग्युलेटर अडीचशेला. दोन नंबरवर पंखा लावण्याइतका गारवा इथे पडला की बघू.