किल्ली शेजारी द्यावी, की घरावर कॅमेरा लावून निघावं?

नाताळच्या सुट्टीत इंदूरहून पुण्या-मुंबईकडे निघणाऱ्यांची तिकिटं दिवाळीच्या आसपासच काढून झालेली असतात. घराचं काय करायचं हा विषय मात्र बॅगा भरताना निघतो. गॅसचा रेग्युलेटर, गिझरचं बटण, खिडक्यांच्या कड्या हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर लिहीत बसत नाही. अडतं ते पुढे. दोन-तीन आठवडे घर बंद राहणार, तर त्याच्याकडे बघणार कोण? हल्ली बहुतेक जण दोन उत्तरांमध्ये घुटमळतात. एक, वायफायवरचा कॅमेरा लावायचा आणि फोनवर बघत राहायचं. दुसरं, शेजारी किल्ली द्यायची. आम्ही दोन्ही करून पाहिलंय. आमचं घर सुदामा नगरकडचं, स्वतंत्र, पुढे छोटं अंगण, जमिनीत हौद आणि गच्चीवर टाकी. पुढचं सगळं अशा घराच्या अनुभवातून लिहितोय, हे लक्षात ठेवून वाचावं.

आधी कॅमेऱ्याबद्दल, कारण त्याची बाजू लंगडी नाही. दोन-तीन हजारांत बरा कॅमेरा येतो आणि कुणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत. रत्नागिरीला बहिणीकडे बसून आपलं अंगण, फाटक, तुळस दिसते तेव्हा जिवाला बरं वाटतं, हे मी अगदी मनापासून सांगतो. कुरियरवाला पाकीट कुठे ठेवून गेला तेही कळतं. ज्यांना नव्या वसाहतीत शेजारी कोण राहतं हेच अजून माहीत नाही, त्यांना कदाचित हाच मार्ग सोयीचा.

पण कॅमेरा हवा म्हणजे राउटर चालू हवा, आणि राउटर चालू हवा म्हणजे मेन स्विच पाडता येत नाही. नव्या घरांत राउटरची लाइन वेगळ्या एमसीबीवर असते, बाकीचे खटके खाली करता येतात. जुन्या वायरिंगमध्ये निम्मं घर एकाच लाइनवर असतं. म्हणजे निघताना सगळं बंद करून जे निश्चिंतपण मिळतं, ते नेमकं कॅमेऱ्यापायी जातं. त्यात डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे मावठा पडतो. बाहेरच्या दिव्याच्या होल्डरमध्ये ओल गेली की ईएलसीबी पडतो, राउटर बंद, कॅमेरा आंधळा. इन्व्हर्टर काही तास तग धरतो, पण पडलेला खटका तो उचलत नाही. शिवाय लाइट गेली-आली की राउटर सुरू होतो आणि कॅमेरा कधीकधी तसाच अडकून राहतो. प्लग काढून पुन्हा लावला की लगेच चालतो. तो प्लग काढायला घरात माणूस लागतो.

हे सगळं मी तरी चालवून घेतलं असतं. माझा कौल फिरवला तो कोळ्यानं.

रात्री बघता यावं म्हणून या कॅमेऱ्यांत लेन्सच्या भोवती इन्फ्रारेड दिवे असतात. आपल्या डोळ्यांना त्यांचा उजेड दिसत नाही, फार तर लालसर ठिपके दिसतात, पण चिलटं आणि पतंग तिकडे ओढले जातात, आणि त्यांच्या मागे कोळी येतो. बंद घरात झाडू फिरत नाही, त्यामुळे चार-दोन दिवसांत लेन्सच्या अगदी तोंडावर जाळं तयार होतं. एरवी नजरेत न भरणारा तो धागा इन्फ्रारेडमध्ये पांढराशुभ्र, दोरखंडाएवढा जाड दिसतो. वाऱ्यानं हलला की कॅमेऱ्याला वाटतं कुणीतरी आलं. फोन वाजतो. उघडून बघावं तर पडद्यावर आडवी पांढरी रेघ हलतेय आणि मागे फाटक धूसर. झोपावं तर पुन्हा वाजतो. सूचना बंद करावी तर कॅमेरा लावला कशाला? चालू ठेवावी तर पाहुण्यांच्या घरात सगळे जागे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, दर वेळी ‘कोळीच असेल’ म्हणून फोन पालथा घालायची सवय लागते. खरोखर कुणी आलं असतं तरी मी तेच केलं असतं, या विचारानं मला झोप लागेना.

शेवटी सकाळी समोरच्या काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, “अरे, एवढंच ना? झाडू घेऊन जाते.” पाच मिनिटांत लेन्स साफ झाली. पुढे पुन्हा जाळं झालं, पुन्हा फोन केला. दोन-तीन हजारांच्या वस्तूची राखण करायला शेवटी शेजारच लागत असेल, तर किल्लीच तिकडे का देऊ नये, हा विचार तेव्हाच पक्का झाला.

किल्ली दिली की काय होतं, ते पाण्यापासून सांगतो. नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून येतं आणि आपल्या नळाला दिवसाआड मिळतं. हौदाचा फ्लोट अडकला तर पाणी थेट रस्त्यावर. म्हणून जाताना नळाचा वॉल्व्ह बंद करायचा आणि परतण्याच्या आधीच्या पाळीला काकूंनी तो उघडायचा. प्रवासाहून आल्यावर आंघोळीला पाणी तयार असतं. कॅमेऱ्याकडून हे व्हायचं नाही.

दुसरी गोष्ट न्हाणीघराची. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये जे पाणी साचलेलं असतं, तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. काही आठवडे मोरी वापरली नाही की ते आटत जातं आणि परतल्यावर दार उघडताच घाण वास येतो. निघताना जाळीतून तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडं तेल ओतावं. तेलाच्या थरामुळे पाणी सावकाश आटतं. किल्ली शेजारी असेल तर आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी पडतं आणि तेलाचीही गरज राहत नाही.

फाटकावरच्या दिव्याचंही तसंच. तो दिवसरात्र जळत ठेवला तर भर दुपारी पेटलेला दिवाच सांगतो की घर बंद आहे. काकू दिवेलागणीला लावतात, सकाळी बंद करतात. सकाळची गाडी असेल तर शेवटचा ओला कचरा त्यांच्याकडे देता येतो, कारण कचरागाडी यायच्या आत आपण स्टेशनवर पोचलेलो असतो.

याही मार्गाला अडचणी आहेत. आपली माणसं झाली तरी रोज कुणाला सांगत बसणं संकोचाचं वाटतं. आपली कपाटं, आपला पसारा दुसऱ्याच्या नजरेला पडतो. मी पुढच्या दाराची आणि स्वयंपाकघराची किल्ली देतो, झोपायची खोली कुलूप लावून जातो, आणि काकूंनाही तेच बरं वाटतं, कारण जबाबदारी तेवढी कमी. खोलीत राहायला कोचिंगचा एखादा ओळखीचा विद्यार्थी ठेवणं हा तिसरा मार्गही काही जण निवडतात. माणूस माहितीतला असेल तर ठीक, पण त्याची परीक्षा आणि आपली सुट्टी जुळणं कठीण.

कॅमेरा घरात असेलच तर काढू नका. फाटकाकडे तोंड करून राहू द्या, फक्त रात्रीच्या सूचना बंद करा. नवा घ्यायचा विचार असेल तर माझ्या मते आधी समोरचं दार ठोठवावं. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, विशेषतः गार्ड असलेल्या इमारतीत.

किल्ली देताना फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवतो: मेन स्विच कुठे, नळाचा वॉल्व्ह कोणता, पाण्याची पाळी कोणत्या दिवशी, इलेक्ट्रिशियनचा आणि प्लंबरचा नंबर. ईएलसीबीच्या खटक्यावर लाल टेपचा तुकडा लावतो, म्हणजे अंधारात टॉर्चनं शोधावा लागत नाही. आणि तिकीट काढण्याआधी काकूंना त्यांच्या तारखा विचारतो, कारण त्यांचा मुलगा बडोद्याला असतो आणि सुट्टीत त्याही तिकडे जातात. त्या नसतात तेव्हा त्यांची किल्ली आमच्याकडे असते.