कर्नलमधला एक्स८६ डिकोडर: पत्ता बरोबर काढतो, पण नीट विचारावं लागतं

लिनक्स कर्नलच्या सोर्समध्ये 'आर्च/एक्स८६/लिब' या फोल्डरात इन्सन.सी आणि इन्सन-इव्हॅल.सी अशा दोन फाइल शेजारी शेजारी आहेत. पहिली एक्स८६, म्हणजे इंटेल-एएमडीच्या, प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनचे बाइट सोडवते. दुसरी त्या इन्स्ट्रक्शनला मेमरीतल्या कुठल्या पत्त्यावर जायचं होतं ते काढते. कोल्हापुरात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी कर्नलला हात घालणारी मुलं आणि उद्यमनगर, गोकुळ शिरगावात लिनक्सवरची मशीन सांभाळणारी मंडळी, अशा दोघांसाठी हे परीक्षण. निकाल आधीच सांगतो: बाइट सोडवणारा भाग डोळे झाकून घ्यावा असा आहे. पत्ता काढणारा भागही चांगला आहे, पण त्याला कुठला प्रश्न विचारायचा नाही हे माहीत असलं पाहिजे.

मुळात हे लागतं कशाला? पेज फॉल्ट, म्हणजे मेमरीच्या पानाला हात लावता आला नाही म्हणून अडथळा, झाला की प्रोसेसर फसलेला पत्ता सीआर२ रजिस्टरमध्ये आयता ठेवतो, तिथं काही सोडवायची गरज नसते. जनरल प्रोटेक्शन फॉल्टमध्ये, म्हणजे नियम मोडला म्हणून प्रोसेसर अडवतो तेव्हा, मात्र पत्ता कुठंच मिळत नाही. हातात असतात फक्त रजिस्टरं आणि फसलेल्या इन्स्ट्रक्शनचे बाइट. लिस्टमधून काढून टाकलेला नोड कुणी पुन्हा वापरला, तर त्याच्या पॉइंटरमध्ये कर्नलनं मुद्दाम भरलेली विषारी किंमत असते, हेक्समध्ये 'डीईएडी' या चार अक्षरांनी सुरू होणारी. ६४ बिटमध्ये हा पत्ता नॉन-कॅनॉनिकल, म्हणजे प्रोसेसर वैध मानत नाही असा, म्हणून पेज फॉल्टऐवजी जनरल प्रोटेक्शन फॉल्ट होतो. कर्नल ५.६ पासून अशा वेळी 'बहुधा अमुक नॉन-कॅनॉनिकल पत्त्यासाठी' अशी ओळ पत्त्यासकट लॉगमध्ये येते. तो पत्ता हाच कोड काढून देतो. लॉग वाचणाऱ्याचा अख्खा दिवस या एका ओळीनं वाचतो.

आता पत्ता कसा तयार होतो ते बघू. बिंदू चौकात कुणाला पत्ता विचारा, तो सांगणार: इथून सरळ जा, तीन गल्ल्या सोडा, पुढं दहा पावलं. एक्स८६ची रीत हीच आहे. चौक म्हणजे बेस, गल्ल्यांची संख्या म्हणजे इंडेक्स, दोन गल्ल्यांमधलं अंतर म्हणजे स्केल आणि उरलेली पावलं म्हणजे डिस्प्लेसमेंट.

हे पाच बाइट घ्या, हेक्समध्ये: ४८ ८९ ४४ ९१ १०. पहिला ४८ हा रेक्स प्रीफिक्स, म्हणजे काम ६४ बिटचं. ८९ म्हणजे रजिस्टरमधलं मेमरीत लिहा. ४४ हा मॉडआरएम बाइट, बिटमध्ये ०१ ००० १००, त्याचे तीन तुकडे: ०१ सांगतो की पुढं एक बाइटचं डिस्प्लेसमेंट आहे, ००० म्हणजे आरएएक्स, आणि १०० म्हणजे 'माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही, पुढचा एसआयबी बाइट बघा'. एसआयबी ९१, बिटमध्ये १० ०१० ००१: स्केल ४, इंडेक्स आरडीएक्स, बेस आरसीएक्स. शेवटचा १० म्हणजे दशमानात १६. आरसीएक्समध्ये ४०९६० आणि आरडीएक्समध्ये ३ असेल तर पत्ता ४०९६० अधिक १२ अधिक १६, म्हणजे ४०९८८. इथं पहिल्यांदा हात घालणारे हमखास चुकतात ते रजिस्टरच्या क्रमात: ० एएक्स, १ सीएक्स, २ डीएक्स, ३ बीएक्स. बीएक्स चौथा आहे, दुसरा नाही.

शेवटचा बाइट १० ऐवजी ९० करा. डिस्प्लेसमेंट चिन्हासकट वाचायचं असतं, म्हणून ९० म्हणजे उणे ११२ आणि पत्ता ४०८६०. स्वतः लिहिलेल्या डिकोडरमध्ये हा बाइट बिनचिन्हाचा धरला तर १४४ मिळतात आणि पत्ता ४१११६ येतो. ४०९६ बाइटच्या पानांचा हिशेब केला तर बरोबर पत्ता एका पानात पडतो आणि चुकीचा पुढच्या पानात. म्हणजे ही नुसती आकड्याची चूक राहत नाही, भलत्याच पानावर लिहिलं जातं. इन्सन.सी ही चूक करत नाही.

दुसरी नाजूक जागा म्हणजे आरआयपीच्या, म्हणजे इन्स्ट्रक्शनचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरच्या, आधारानं दिलेला पत्ता. मॉडआरएमचे पहिले दोन बिट (मॉड) ०० आणि शेवटचे तीन १०१ असले की ६४ बिटमध्ये बेस म्हणून आरआयपी येतो, पण चालू इन्स्ट्रक्शनचा नाही, पुढच्या इन्स्ट्रक्शनचा. ८१ ०५, मग चार बाइट डिस्प्लेसमेंट, मग चार बाइटची किंमत: एकूण १० बाइट. डिस्प्लेसमेंट वाचून झाल्यावर लगेच पत्ता काढायला गेलात तर ६ बाइटच मोजले जातात आणि उत्तर चार बाइटनं हुकतं. कर्नलचा कोड आयपी (जपून ठेवलेला आरआयपी) अधिक पूर्ण लांबी असाच हिशेब करतो. त्यासाठी लांबी आधी निघालेली असावी लागते. म्हणून फक्त मॉडआरएमपर्यंत सोडवून पत्ता मागू नका, अख्खी इन्स्ट्रक्शन सोडवा.

वापरायची रीत सोपी आहे. बाइट आणायचे, जास्तीत जास्त १५, कारण एक्स८६ची इन्स्ट्रक्शन त्याहून लांब असूच शकत नाही. युजर प्रोग्रॅमची इन्स्ट्रक्शन असेल तर इन्सन_फेच_फ्रॉम_युजर आणि मग इन्सन_डिकोड_फ्रॉम_रेग्ज. हे दुसरं फंक्शन कोड सेगमेंट बघून ३२ की ६४ बिट ते स्वतः ठरवतं, आणि सोडवलेली लांबी आणलेल्या बाइटपेक्षा जास्त निघाली तर नकार देतं. ३२ की ६४ बिट हा मोड फार महत्त्वाचा. वरचेच पाच बाइट ३२ बिटमध्ये सोडवले तर ४८ हा प्रीफिक्स राहतच नाही, ती ईएएक्स एकनं कमी करणारी एका बाइटची वेगळी इन्स्ट्रक्शन होते. शेवटी इन्सन_गेट_अ‍ॅड्र_रेफ हाक मारली की पत्ता हातात.

उद्यमनगरात गो-नोगो गेज लावल्याशिवाय जॉब पुढं जात नाही, तसं इथं प्रत्येक पायरीचं उत्तर तपासायचं. पत्ता निघाला नाही तर हे फंक्शन नल देत नाही, उणे एक देतं. नल तपासून पुढं गेलेला कोड हमखास फसतो. मिळालेल्या पत्त्यावर थेट लिहायचंही नाही, कॉपी_टू_युजरमधूनच जायचं, कारण तो पत्ता त्या प्रोसेसच्या हक्काचा आहे का हे इथं कुणी बघितलेलं नसतं. इन्स्ट्रक्शनचं काम तुम्ही तिच्या वतीनं केलं असेल तर आयपीमध्ये तिची लांबी मिळवायची. नाहीतर प्रोग्रॅम परत जाऊन त्याच जागी पुन्हा पुन्हा फसत राहतो.

हा कोड असाच का घडला हे त्याच्या जन्मावरून कळतं. बाइट सोडवणारा भाग मासामी हिरामात्सु यांनी २००९ मध्ये केप्रोब्स या कर्नल तपासायच्या सोयीसाठी लिहिला. चालत्या कर्नलमध्ये ब्रेकपॉइंट टाकताना इन्स्ट्रक्शन कुठं सुरू होते आणि कुठं संपते एवढं पक्कं कळणं गरजेचं होतं, म्हणून लांबीच्या बाबतीत हा डिकोडर फार चोख आहे. ऑपकोडचा तक्ता साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आहे आणि एक ऑक स्क्रिप्ट त्यातून सी भाषेतला तक्ता बनवते. नवी इन्स्ट्रक्शन आली की मजकुरात ओळ घालायची. ही रचना मनापासून आवडण्यासारखी आहे. पत्ता काढणारा भाग इंटेलच्या रिकार्डो नेरी यांचा, यूएमआयपी या प्रोसेसरच्या सुरक्षा सोयीसाठी लिहिलेला, कर्नल ४.१५ मध्ये आला. यूएमआयपी चालू असताना युजर प्रोग्रॅमनं जीडीटीचा, म्हणजे सेगमेंटच्या तक्त्याचा, पत्ता विचारणारी इन्स्ट्रक्शन चालवली की प्रोसेसर अडवतो. वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) चालणारे काही जुने प्रोग्रॅम नेमकं तेच करतात, म्हणून कर्नल त्यांना खोटी किंमत लिहून देतो, आणि ती कुठं लिहायची हे याच कोडमधून कळतं. त्यामुळंच १६ बिटच्या जुन्या पत्त्यांचीही सोय इथं आहे.

आता उणिवा. मॉडचे दोन्ही बिट १ असले तर ऑपरंड मेमरीत नसतो, रजिस्टरमध्ये असतो. तरी हे फंक्शन तक्रार न करता त्या रजिस्टरची किंमत पत्ता म्हणून हातात ठेवतं. ही तपासणी हाक मारणाऱ्यानंच करायची. एलईए, म्हणजे नुसता पत्ता काढून रजिस्टरमध्ये ठेवणारी इन्स्ट्रक्शन, तिचंही तसंच: पत्ता निघतो, पण ती इन्स्ट्रक्शन मेमरीला हात लावतच नाही. मॉडआरएम नसलेल्या स्ट्रिंग इन्स्ट्रक्शन, पूर्ण ६४ बिटचा पत्ता पोटात घेऊन येणारे मूव्हचे जुने प्रकार, एका वेळी अनेक पत्ते गाठणाऱ्या गॅदर इन्स्ट्रक्शन, यांना इथं न्याय मिळत नाही. यादी मोठी नाही, पण फंक्शनच्या नावावरून ती कळत नाही हे खटकतं.

सेगमेंटचं काम मात्र विचारपूर्वक केलंय. ६४ बिटमध्ये फक्त एफएस आणि जीएस या सेगमेंट रजिस्टरांचा बेस जमेत धरावा लागतो. कर्नलमध्ये शिरताना जीएसची अदलाबदल होते, म्हणून युजरचा जीएस वेगळ्या एमएसआरमध्ये (प्रोसेसरच्या खास रजिस्टरमध्ये) जाऊन बसतो. कोड आधी फॉल्ट युजरचा की कर्नलचा ते बघतो आणि मग योग्य एमएसआर वाचतो. पण तो वाचतो चालू सीपीयूवरचा. दुसऱ्या टास्कची जपून ठेवलेली रजिस्टरं देऊन एफएसचा पत्ता विचारलात तर उत्तर चुकीचं येणार. एलडीटीतला (प्रोसेसच्या स्वतःच्या सेगमेंट तक्त्यातला) सेगमेंट असेल तर आत म्युटेक्स, म्हणजे वाट बघायला लावणारं कुलूप, घेतला जातो, त्यामुळं जिथं झोपणं चालत नाही तिथून ही हाक मारू नये.

एक मर्यादा कोडची नाही, परिस्थितीची आहे. फॉल्ट होणं आणि बाइट वाचणं यांच्या मधल्या वेळात त्याच प्रोसेसचा दुसरा थ्रेड ते बाइट बदलू शकतो. प्रोटेक्शन की लावून वाचायला बंद केलेला कोड असेल तर बाइट मिळतच नाहीत. म्हणून सोडवलेली इन्स्ट्रक्शन हवी तीच आहे का हे ऑपकोडवरून पुन्हा पडताळायचं, आणि नसेल तर प्रोग्रॅमला सिग्नल देऊन मोकळं व्हायचं.

सरावाला बाइट सोडवणारा भाग कर्नलबाहेरही चालतो. टूल्स फोल्डरात त्याची दुसरी प्रत आहे, पर्फ आणि ऑब्जटूल तीच वापरतात. कर्नलच्या कॉन्फिगमध्ये एक्स८६ डिकोडर सेल्फटेस्ट चालू केला की बिल्डनंतर प्रत्येक इन्स्ट्रक्शनची लांबी ऑब्जडंप या डिसअसेंब्लीच्या टूलच्या उत्तराशी ताडली जाते. पत्ता काढणाऱ्या भागाला खरी रजिस्टरं आणि एमएसआर लागतात, शिवाय ते फंक्शन बाहेरच्या मॉड्यूलसाठी खुलं नाही. कर्नलमध्येच कोड घालून क्यूएमूवर, म्हणजे मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालवायचं. वर्गातल्या साध्या लॅपटॉपवरही हे जमतं.

प्रोजेक्ट युजरस्पेसमधला असेल, म्हणजे डिसअसेंब्ली दाखवायची, ऑपरंडची नावं छापायची, तर हा डिकोडर घेऊ नका. तो इन्स्ट्रक्शनचं नावसुद्धा सांगत नाही. तिथं झायडिस किंवा इंटेलचं एक्सईडी घ्या, एकापेक्षा जास्त आर्किटेक्चर हवी असतील तर कॅपस्टोन. कर्नलच्या आत, फॉल्ट हँडलरमध्ये एखाद्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता हवा असेल तर मात्र स्वतःचा डिकोडर लिहीत बसण्यापेक्षा यूएमआयपी.सी ही फाइल उघडा. बाइट आणणं, सोडवणं, मॉड तपासणं, उणे एक तपासणं, कॉपी करणं, आयपी पुढं सरकवणं, सगळं तिथं आहे. रेक्स प्रीफिक्सचा अर्थ कळला असेल तर एका बैठकीत वाचून होते.