तोसिनोसाठी एरिथ्रिटॉल घ्यावं का?

तोसिनो म्हणजे फिलिपिन्सचं गोड मुरवलेलं पोर्क, तिकडे नाश्त्याला लसूणभात न अंड्यासोबत खातात. बाबांना शुगर, म्हणून साखरेऐवजी हे एरिथ्रिटॉलचं (साखरेला पर्याय म्हणून वापरतात ती गोड पूड) पाकीट घेतलं नागपूरच्या बर्डीवरून. पोर्कच्या पातळ स्लाइसना हे एरिथ्रिटॉल, मीठ, लसूण, मिरपूड, थोडा सोया सॉस लावून रात्रभर फ्रीजमध्ये, अननसाचा रस टाकतात पण त्यात साखर असतेच म्हणून नाही टाकला. मुरलं मस्त बाप्पा! पण एरिथ्रिटॉल काही साखरेसारखं कॅरमल होत नाही, म्हणजे ती चिकट चकाकी विसराच, न गार झालं की वर दाणे धरतात आन जिभेला पुदिन्यासारखं थंड लागते, म्हणून गरमच खा. रंगाला काश्मिरी मिरची चालते. थोड्या पाण्यात शिजवून मग तेलावर परता. पाकीट महागच आहे, 5 पैकी 3.