फॅमिली ट्रिपवर रात्रीचं जेवण: बाहेर की मुक्कामाच्या किचनमध्ये?

रूम घ्यायची की किचनवालं घर, हा प्रश्न खरं तर रात्रीच्या जेवणाचाच असतो. नाश्ता कसाही उरकतो, दुपारी आपण फिरतच असतो म्हणून बाहेर खाणं होतंच, अडतं ते संध्याकाळी सातनंतर, पोरं पेंगुळलेली, मोठ्यांचे पाय बोलायला लागलेले आणि कुठे जेवायचं यावर एकमत काही होत नाही.

बाहेरचं जेवण मला मनापासून आवडतं हे आधीच सांगते. नवीन ठिकाणी जाऊन तिथलं काही चाखलंच नाही तर नुसते फोटो काढून आल्यासारखं वाटतं, आणि घरी ज्याच्यावर रोजचा स्वयंपाक असतो त्याला आयतं ताट समोर येणं हीच खरी सुट्टी. वैताग येतो तो थांबण्याचा. ऑर्डर येईपर्यंत पोरं पाणी पिऊन आणि काहीबाही खाऊन पोट भरतात, मग मोबाईल मागतात, आणि ताट आलं की खांद्यावर मान टाकून गाढ झोपतात. त्यापेक्षा दुपारीच मस्त बाहेर जेवा ना, सगळे फ्रेश असतात, मुलं नवीन चवही जरा धीटपणे घेतात आणि उशीर झाला तरी कुणी रडत नाही.

मग रात्री किचन कामाला येतं. अंडी, भात, एखादं सूप, एका भांड्यात होईल एवढंच, त्यापुढे जायचं नाही. पण 'किचन आहे' एवढ्यावर विसंबू नका, बुक करण्याआधी शेगडी कसली आहे ते विचारा. इंडक्शन असेल तर साधं अ‍ॅल्युमिनियमचं भांडं त्यावर तापतच नाही, बुडाला मॅग्नेट चिकटला तरच ते चालतं. डोंगरात जात असाल तर अजून एक, 2,000 मीटर उंचीवर पाणी साधारण 93 अंशालाच उकळतं, त्यामुळे बटाटे आणि कडधान्यं उघड्या भांड्यात शिजता शिजत नाहीत, प्रेशर कुकर नसेल तर अंडी-नूडल्सवर भागवा. आणि सुरी बहुतेक ठिकाणी बोथटच असते (टोमॅटो कापला जात नाही, चेपला जातो), म्हणून फार चिरावं लागेल असं काही ठरवूच नका.

उरलेलं अन्न दोन्हीकडे उरतं, हॉटेलातून बांधून आणा नाहीतर स्वतः शिजवा. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, भात तर नक्कीच, कारण बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरिअस नावाचे जिवाणू वाढून जे विष तयार करतात ते परत गरम करूनही जात नाही. रूममध्ये फ्रीज नसेल तर बांधून आणूच नका.

माझं मत विचाराल तर एक-दोन रात्रींसाठी किचनच्या नादी लागू नका, तेल-मिठापासून सगळं आणायचं आणि अर्धं तिथेच टाकून यायचं. तीन-चार रात्री असतील, सोबत लहान मुलं किंवा पथ्य असणारं कुणी असेल, तर मात्र किचनवालंच घ्या. फक्त रात्री शेगडीपाशी कोण उभं राहणार आणि भांडी कोण घासणार हे निघायच्या आधी ठरवा, आणि दोन्हीला उत्तर घरी रोज करणारं तेच माणूस असेल तर सरळ हॉटेल बुक करा.